मार खाणारी बाई आरोपी असते तेव्हा: अटकेपासून शिक्षेच्या सुनावणीपर्यंत काय जमवायचं

सेशन कोर्टात दोषी ठरवल्याचं सांगून झालं की न्यायाधीश विचारतात, "शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का?" बाई कठड्यात उभी असते, प्रश्न तिच्या डोक्यावरून जातो. वकील उठतात: आरोपी महिला आहे, लहान मुलं आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. रोजनाम्यात दोन ओळी पडतात. लग्नापासून खाल्लेल्या माराचा त्यात एक शब्द नसतो, कारण तो सबंध खटल्यात कुठे आलेलाच नसतो.

त्या दिवशी तो सांगून फारसा उपयोगही नसतो. खुनाला कमीत कमी शिक्षा जन्मठेप. न्यायाधीशाला कितीही वाटलं तरी त्याखाली जाता येत नाही. म्हणून घरच्या छळाचा मुद्दा शिक्षेच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. तो अटकेच्या दिवसापासून कागदावर चढत गेला पाहिजे. तो कसा चढवायचा, ते इथे क्रमाने लिहितो आहे. वाचणारे आरोपी बाईच्या माहेरचे असतील, गावातली आशाताई असेल, बचत गटातली कुणी असेल, विधी सेवा समितीचा स्वयंसेवक असेल किंवा तालुक्याला नुकती सनद घेऊन बसलेला वकील असेल.

आधी कलम बघा

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेखाली, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेखाली. खून म्हणजे जुनं ३०२, नवं १०३. सदोष मनुष्यवध म्हणजे जुनं ३०४, नवं १०५. सगळी लढाई १०३ वरून १०५ वर येण्याची आहे. १०५ मध्ये जीव घेण्याचा इरादा होता असं ठरलं तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं. इरादा नव्हता, पण जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असं ठरलं तर १० वर्षांपर्यंत. म्हणजे न्यायाधीशाला कमी-जास्त करायला जागा मिळते आणि माराचा इतिहास त्या जागेत कामी येतो.

अशा केसमध्ये १०५ वर येण्याच्या मुख्य वाटा तीन. एक, स्वतःचा किंवा लेकराचा जीव वाचवताना वार बसला, पण हात गरजेपेक्षा जास्त चालला. (हात गरजेपुरताच चालला असेल तर तो गुन्हाच नाही. कलम ३८ पाहा, आणि आधी तेच मागा.) दोन, गंभीर आणि आकस्मिक चिथावणी. तीन, अचानक उसळलेलं भांडण, ज्यात आधीची योजना नव्हती आणि क्रूरपणाही नव्हता.

दुसऱ्या वाटेवर सरकारी वकील हमखास अडवतात: "आकस्मिक कुठे? तो तर रोजच मारत होता." याला उत्तर नानावटी खटल्यातच आहे. मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली, ती चिथावणी ठरवताना विचारात घेता येते, असं सुप्रीम कोर्टाने त्यात म्हटलं आहे. मद्रास हायकोर्टाने १९८९ मध्ये सुयम्बुक्कनी खटल्यात एक पाऊल पुढे टाकलं. नवऱ्याच्या छळाला कंटाळून लेकरांसह विहिरीत उडी घेतलेल्या आणि वाचलेल्या आईच्या प्रकरणात कोर्टाने दीर्घकाळ साचत गेलेली चिथावणीही धरली. गुवाहाटी हायकोर्टाने २०१३ मध्ये मंजू लाक्रा खटल्यात सतत मार खाणाऱ्या स्त्रीच्या मनःस्थितीची चर्चा करून खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणली. बाहेरच्या हायकोर्टांचे निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाहीत, पण वाचून दाखवता येतात. यवतमाळ-वाशीमकडे विहिरीची प्रकरणं काही नवी नाहीत, तेव्हा १९८९ चा निकाल वकिलाच्या फायलीत असलाच पाहिजे.

नवरा जखमी होऊन वाचला असेल तर आरोपपत्रात १०९ आहे की ११० हे बघा. १०९ खुनाचा प्रयत्न. जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत जातं. ११० सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न. जखम झाली तरी ७ वर्षांपर्यंत. नुसत्या दुखापतीचा गुन्हा असेल तर चिथावणीमुळे केलेल्या दुखापतीचं कलम १२२ विसरू नका. त्याची शिक्षा बरीच कमी आहे.

आणि मारणारा माणूसच फिर्यादी किंवा मृत असतो असंही नाही. दारूबंदीच्या केसेस घ्या. वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. धाड पडते तेव्हा मोहाच्या दारूच्या कॅनजवळ बाई सापडते. माल नवऱ्याचा, पैसा नवऱ्याचा, "बसली नाहीस तर हाडं मोडीन" ही धमकीही त्याचीच. अशा केसमध्ये कलम बदलायचा प्रश्न नसतो. तिथे खरोखरच शिक्षेच्या सुनावणीलाच वजन आहे.

अटकेचे पहिले दोन दिवस

अटकेनंतर लगेच आरोपीची वैद्यकीय तपासणी करावी लागते, हे नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ५३; पुढची ९४, ३५१, २५८, ४०२ आणि ४३० ही कलमंही याच संहितेची. बाई असेल तर ती महिला डॉक्टरकडून किंवा तिच्या देखरेखीखाली. अंगावरच्या जखमा आणि त्या अंदाजे कधीच्या, हे डॉक्टरला लिहावं लागतं आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते. व्यवहारात काय होतं? ग्रामीण रुग्णालयात रात्री नेतात, "काही त्रास?" विचारतात, बाई मान हलवते, "जखम नाही" असं लिहून मोकळे. हा एक कागद चुकला की पुढे वर्षभर धावूनही भरून निघत नाही. माहेरच्या कुणीतरी त्या वेळी तिथे पोचावं आणि तिला सांगावं: पाठ दाखव, दंड दाखव, डोक्यातली खोक दाखव, जुने वळसुद्धा दाखव. तपासणी झालीच नसेल किंवा अर्धवट झाली असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे हजर करतात तेव्हा तिने तोंडाने सांगावं, "साहेब, माह्या आंगावर मार हाय." मॅजिस्ट्रेट पुन्हा तपासणीचा आदेश देऊ शकतात. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर त्याचा फायदा आरोपीला मिळू शकतो, हे लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार या १९७६ च्या निकालापासून चालत आलं आहे.

दुसरं, वकील. महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये ते स्पष्ट आहे आणि कोठडीतल्या माणसालाही तो हक्क आहे. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला विधी सेवा समिती, फोन १५१००. शेत गहाण टाकून वकील लावण्याआधी इथे एकदा जा. दिलेला वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागता येतो.

तिसरं, बोलणं. बऱ्याच जणी स्वतःच ठाण्यात जाऊन "मीच मारलं" म्हणतात. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, तिने स्वतः दिलेल्या फिर्यादीतला असला तरी. पण तिने दाखवलेल्या जागेवरून कुऱ्हाड निघाली तर तेवढा भाग चालतो. वकील भेटेपर्यंत तिने घटनेबद्दल सविस्तर काही सांगू नये. मॅजिस्ट्रेटपुढे कबुली द्यायला तर अजिबात तयार होऊ नये.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात काय आलं हेही बघा. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे, सांडलेली भाजी, उपडं पडलेलं ताट, दारूची बाटली, तुटलेली कडी. यातल्या प्रत्येक गोष्टीवरून झटापट दिसते. पंचनाम्यात नसेल आणि घर अजून सारवलेलं नसेल तर नातेवाइकांनी काही न हलवता मोबाईलवर फोटो काढावेत आणि तो मोबाईल जपून ठेवावा. पुढे तो पुरावा म्हणून द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं.

तिची हकीकत कशी लिहून घ्यायची

हे काम एका बैठकीत होत नाही. तुरुंगातल्या मुलाखतीच्या दहा-पंधरा मिनिटांत तर नाहीच. वकिलाने वकील म्हणून वेगळी वेळ घ्यावी आणि शक्यतो सोबत एखादी स्त्री असावी. लैंगिक जबरदस्तीची गोष्ट बाई पुरुष वकिलाला सांगत नाही, आणि पुष्कळदा तीच मुख्य गोष्ट असते. मेळघाटातली कोरकू किंवा झरी-जामणीकडची कोलाम बाई असेल तर दुभाषा तिच्या सासरचा नसावा. हे सांगायची वेळ येते, याचंच वाईट वाटतं.

"कोणत्या तारखेला मारलं?" असं विचाराल तर उत्तर येणार नाही. शेतीच्या आणि सणांच्या हिशेबाने विचारा. पोळ्याला काय झालं होतं? करीच्या दिवशी? सीतादही केली त्या साली? सोयाबीन सोंगायला गेली तेव्हा हाताला काय झालं होतं? लेकराच्या बारशाला माहेरचे आले तेव्हा कोणतं लुगडं नेसून वळ झाकले होते? असं विचारत गेलं की साल लागतं, महिना लागतो आणि मग त्या महिन्याचा दवाखान्याचा कागद शोधता येतो.

तिचे शब्द तिच्याच बोलीत उतरवा. "दारू पेऊन आला का मले दोरानं बांधे. मी काही नाई म्हनो. पन त्या दिवशी पोरीच्या आंगावर धावला." याचं "पतीच्या जाचास कंटाळून" असं करू नका. कंटाळून म्हटलं की ठरवून केल्यासारखं होतं. तिच्या वाक्यात मात्र त्या रात्री वेगळं काय घडलं ते आलं आहे: पोरीवर धावला. चिथावणी आणि बचाव दोन्ही तिथेच आहेत. पोलिसांच्या कागदात हीच घटना बहुधा "घरगुती किरकोळ कारणावरून वाद होऊन" अशी आलेली असते. म्हणून तिचं म्हणणं वेगळं, पूर्ण, पहिल्या दिवसापासूनचं असायला हवं.

चार प्रसंग नीट धरा: पहिला मार, सगळ्यात वाईट मार, शेवटच्या आधीचा मार आणि घटनेची रात्र. बाकीचं थोडक्यात चालेल. शारीरिक माराबरोबर बाकीचंही विचारा. मजुरीचे पैसे कोण घ्यायचं, माहेरी जाऊ द्यायचे का, फोन होता का. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक आणि मानसिक छळही हिंसाचारच आहे. आणि तिने न सांगितलेलं एक वाक्यही घालू नका. उलटतपासणीत एक अतिशयोक्ती उघडी पडली की खरे दहा प्रसंगही त्याच्यासोबत वाहून जातात.

कागद कुठे सापडतात

"तिने कधी तक्रारच केली नाही" असं सगळेच म्हणतात. शोधायला लागलं की कागद निघतात.

प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर. त्यात बहुतेक वेळा "पडल्याने इजा" असं असतं, कारण शेजारी नवराच उभा होता. तेवढ्याने कागद टाकून देऊ नका. मनगट ते कोपर यांच्यामधलं करंगळीच्या बाजूचं हाड मोडलेलं, कानाचा पडदा फाटलेला, वेगवेगळ्या वयाचे काळे-निळे डाग, हे साध्या पडण्याने सहसा होत नाही. काठी अडवायला हात वर केला की हाड तिथे मोडतं. डॉक्टरला साक्षीला बोलावून एवढंच विचारायचं: ही इजा काठीच्या माराने होऊ शकते का? ओपीडीचं रजिस्टर मिळत नसेल तर कलम ९४ खाली कोर्टाकडून मागवता येतं.

ठाण्यातल्या अदखलपात्र तक्रारीची नोंद, म्हणजे एनसी. ११२ वर किंवा १८१ वर केलेला फोन. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडचा घरगुती घटना अहवाल. सखी केंद्राची (छळ झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राची) किंवा ठाण्यातल्या समुपदेशन कक्षाची फाईल. गावातले वाद मिटवणाऱ्या तंटामुक्त समितीचं रजिस्टर. ही मोहीम २००७ पासून आहे आणि काही गावांत नवरा-बायकोच्या बैठकांच्या नोंदी छान लिहिलेल्या सापडतात.

आणि सगळ्यात मोलाचा कागद: बैठकीत स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेलं "यापुढे मी दारू पिणार नाही व पत्नीस मारहाण करणार नाही". खाली नवऱ्याची सही किंवा अंगठा, साक्षीदार म्हणून पोलीस पाटील आणि दोन पंच. तो माहेरच्या पेटीत, जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर घडी करून ठेवलेला असतो, आणि हा कोर्टात चालतो हे कुणाला माहीत नसतं. मारत होता हे त्याने स्वतःच लिहून दिलेलं आहे. यापुढे सासू साक्षीत काहीही म्हणो.

साक्षी आणि तिचा जबाब

माराचा मुद्दा सरकारी पक्षाच्या पहिल्या साक्षीदारापासून विचारला गेला पाहिजे. सासू, दीर, शेजारी, पोलीस पाटील, प्रत्येकाला: "मृत दारू प्यायचा हे खरं आहे का? बैठक झाली होती का? आरोपी माहेरी निघून गेली होती आणि तुम्ही आणायला गेला होता का?" दहातल्या सात प्रश्नांना "खोटं आहे" येईल. उरलेल्या तीनवर केस उभी राहते. अपवादाचा (म्हणजे वरच्या तीन वाटांपैकी एकीचा) फायदा मागायचा तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण सरकारी पक्षासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. असं घडलं असण्याची शक्यता जास्त वाटते, इथपर्यंत आणलं तरी पुरतं.

बचावाचे साक्षीदार तिचा भाऊ आणि आई असतातच, पण त्यांचं वजन कमी पडतं. आशाताई, अंगणवाडी सेविका, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, ज्यांच्या शेतात ती निंदायला जायची ते मालक, अशी बाहेरची माणसं बघा. तिच्या हाताला फडकं बांधलेलं पाहिलं, एवढं सांगितलं तरी चालेल.

मग येतो कलम ३५१ चा (जुनं ३१३) आरोपीचा जबाब. न्यायाधीश एकेक प्रश्न विचारतात आणि आपल्याकडची रूढ उत्तरं म्हणजे "खोटं आहे", "माहीत नाही", "मला खोटं गुंतवलं". ज्या केसमध्ये मारलं कुणी हा वादच नाही, तिथे हे पाठ केलेलं नकाराचं उत्तर बाईला बुडवतं. एकीकडे म्हणायचं मी तिथे नव्हतेच, दुसरीकडे म्हणायचं जीव वाचवायला मारलं; कायद्यात असं दुहेरी म्हणणं अगदीच बाद नाही, पण न्यायाधीशाच्या मनात ते बसत नाही. आधी ठरवा. बचाव किंवा चिथावणी मांडायची असेल तर तिची हकीकत लेखी निवेदन म्हणून इथे द्या. तिची तयारी असेल तर ती स्वतः शपथेवर साक्षही देऊ शकते, मात्र मग उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं.

"एवढा मारत होता तर सोडून का गेली नाही?" हा प्रश्न येणारच. त्याला भाषणाने उत्तर देऊ नका. ती किती वेळा गेली आणि का परत आली, त्याची यादी द्या. माहेरी बाप अंथरुणाला, भावजय दारात उभी करेना. रेशन कार्ड सासरचं. पोरगं नवऱ्याने ठेवून घेतलेलं. बैठकीत गावाने हात जोडून परत पाठवलेली. प्रत्येक परत येणं हे गावानेच घडवलेलं असतं, आणि त्याचे साक्षीदार गावातच असतात. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवालही इथेच उपयोगी पडतो. जिल्हा सामान्य रुग्णालयातून तपासणी व्हावी म्हणून वकिलाने वेळेत अर्ज करावा.

शिक्षेची सुनावणी

इथवर सगळं आलं असेल तर शेवटचा दिवस दोन ओळींचा राहत नाही. कलम २५८(२), जुनं २३५(२), प्रमाणे शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकावंच लागतं. संता सिंग विरुद्ध पंजाब या १९७६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की हे ऐकणं म्हणजे नुसतं तोंडी बोलणं नव्हे. कागद आणि पुरावाही देता येतो. म्हणून दोषी ठरवल्यावर त्याच दिवशी बोलायला उभं राहू नका, तारीख मागा. त्या तारखेला तुरुंगातल्या वर्तणुकीचा अहवाल, मुलं कुठे राहतात आणि शाळेत जातात का याचे कागद, मानसोपचार अहवाल आणि छळाचा कालक्रम दाखवणारं दोन पानांचं लेखी निवेदन द्या. सरपंचाच्या "सदर महिला सुस्वभावी आहे" या दाखल्याला फार किंमत नसते, हे माझं मत. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२ च्या निकालात फाशीच्या केसेससाठी कोणती माहिती गोळा करावी हे सांगितलं आहे. केस फाशीची नसली तरी ती यादी समोर ठेवून काम केलं तर काही सुटत नाही.

युक्तिवादाचा सांगाडा म्हणून न्यूयॉर्क राज्याचा २०१९ चा कायदा बघण्यासारखा आहे. तिथे घरच्या छळाला बळी पडलेल्या आरोपीला कमी शिक्षा देताना कोर्ट तीन गोष्टी पाहतं: गुन्ह्याच्या वेळी गंभीर छळ चालू होता का, गुन्हा घडण्यात त्या छळाचा मोठा वाटा होता का, आणि नेहमीची शिक्षा अवाजवी कठोर ठरेल का. छळ करणारा हाच गुन्ह्यातला बळी असला पाहिजे असंही नाही, म्हणजे वरची दारूची केसही त्यात बसली असती. आपल्याकडे असा कायदा नाही. तरी याच तीन प्रश्नांच्या क्रमाने, प्रत्येकाखाली निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर) टाकून निवेदन लिहिलं तर न्यायाधीशाला निकालपत्रात ते घेणं सोपं जातं.

ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, तिथे १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ४ मागा: तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका. ११० वर आलेल्या केसला हे दार उघडं असतं, १०९ वर जखमेसह दोषी ठरली तर बंद. परिवीक्षा अधिकारी गावात जाऊन चौकशी करतो. तो येणार त्या दिवशी सासरचेच घरी असतील तर अहवालही त्यांचाच होईल. आशाताई आणि माहेरचे कुठे भेटतील ते त्याला आधी कळवा. परिवीक्षा देता येत असून दिली नाही तर कोर्टाला खास कारणं लिहावी लागतात (कलम ४०२), याची नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर

निकालपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते, ती त्याच दिवशी घ्या. सेशन कोर्टाच्या शिक्षेवर हायकोर्टात (आपल्या विदर्भात नागपूर खंडपीठात) अपील ६० दिवसांत, मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन कोर्टात ३० दिवसांत. अपिलासोबतच शिक्षेला स्थगिती आणि जामीन यांचा अर्ज कलम ४३० खाली. खटल्याआधी आणि खटल्यादरम्यान कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. तो हिशेब निकालपत्रात बरोबर आला आहे का तपासा. हायकोर्टासाठीही मोफत वकील मिळतो, अर्ज तुरुंगातूनच देता येतो. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत तुरुंगात राहू शकतं. त्यापेक्षा मोठ्या मुलांचा ताबा सासरी जाऊ द्यायचा नसेल तर बाल कल्याण समितीकडे अर्ज लगेच करावा, अपिलाची वाट पाहू नये.

खुनाची जन्मठेप कायम झाली तर प्रत्यक्ष १४ वर्षं पूर्ण होण्याआधी शासनाला मुदतपूर्व सुटका देता येत नाही. त्यानंतरच्या प्रस्तावात गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हे पाहिलं जातं, आणि ते पाहायला प्रस्ताव तपासणाऱ्यांसमोर असतं मुख्यतः निकालपत्र. म्हणून केसपेपर, स्टॅम्प पेपर, डॉक्टरची साक्ष यांचा उल्लेख निकालपत्रात आला आहे का बघा. आला नसेल तर अपिलाच्या कारणांमध्ये तो मुद्दा पहिल्या पानावर घ्या.